विश्लेषण : ‘सौदाद’, सुका कॉड आणि लाल कार्नेशन... पोर्तुगीज माणूस नेमका आहे तरी कसा?

शतकानुशतके माणसे परदेशी पाठवणाऱ्या पोर्तुगालची गाणी, सण आणि जेवणही ताटातुटीतून घडले. आता त्याच देशात बाहेरची माणसे येऊ लागली आहेत. त्यामुळे ‘आपण कोण’ हा प्रश्न तिथे पुन्हा ऐरणीवर आला आहे.

१९६० च्या दशकात पोर्तुगालच्या खेड्यातून चोरून फ्रान्सला निघालेला माणूस निघण्यापूर्वी स्वतःचा फोटो मधोमध फाडायचा. अर्धा घरी ठेवायचा, अर्धा खिशात. स्पेन ओलांडून, डोंगरवाटा तुडवून तो फ्रान्सला सुखरूप पोहोचला की खिशातला तुकडा घरी पाठवायचा. दोन्ही तुकडे जुळले की घरचे लोक सीमापार नेणाऱ्या दलालाला उरलेले पैसे चुकते करत. या चोरट्या प्रवासाला पोर्तुगीज भाषेत नाव पडले ‘ओ साल्तू’, म्हणजे ‘उडी’.

आपल्याकडे पोर्तुगीज म्हटले की वास्को द गामा, गोवा, वसईचा किल्ला आणि धर्मांतर आठवते. म्हणजे राज्यकर्ता पोर्तुगीज. पण ज्या काळात अंगोला आणि मोझांबिकवर पोर्तुगालचा झेंडा होता, त्याच काळात त्याचे स्वतःचे नागरिक पोटासाठी रात्रीच्या अंधारात देश सोडत होते. पोर्तुगीज स्वभाव समजून घ्यायचा तर या दोन्ही बाजू एकत्र पाहाव्या लागतात.

एवढ्या छोट्या देशातून एवढी माणसे बाहेर का गेली?

पोर्तुगालची लोकसंख्या आजही एक कोटीच्या थोडी वर आहे. पश्चिमेला आणि दक्षिणेला अटलांटिक महासागर आणि उरलेल्या बाजूंना स्पेन, असा हा देश. स्पेनसोबतची त्याची सीमा १२९७ च्या तहापासून जवळपास तशीच आहे. युरोपातील सर्वांत जुन्या सीमांमध्ये ती गणली जाते. जमिनीवर वाढायला वाव नव्हता, मग वाट समुद्राची होती. १४१५ मध्ये उत्तर आफ्रिकेतील सेउटा, १४९८ मध्ये कालिकत, १५०० मध्ये ब्राझील, १५१० मध्ये गोवा असा हा प्रवास झाला.

मात्र साम्राज्याचा पैसा गावापर्यंत फारसा झिरपला नाही. उत्तरेकडे जमिनीचे तुकडे लहान, तर दक्षिणेच्या अलेंतेजो प्रांतात मोठ्या जमीनदारांकडे राबणारे भूमिहीन मजूर. लोक आधी ब्राझीलला गेले, नंतर अमेरिकेला आणि विसाव्या शतकाच्या मध्यापासून फ्रान्स-जर्मनीला. १९६० ते १९७४ या काळात सुमारे १४ ते १५ लाख लोकांनी देश सोडला, असा अंदाज आहे. तेव्हा देशाची लोकसंख्या ९० लाखांच्या आत होती. गरिबी हे एक कारण होते. दुसरे कारण आफ्रिकेतील वसाहतींमध्ये सुरू असलेले युद्ध आणि त्यासाठीची सक्तीची लष्करी भरती. ती टाळण्यासाठी हजारो तरुणांनी ‘उडी’ मारली.

‘सौदाद’ म्हणजे नेमके काय?

पोर्तुगीज लोकांबद्दल बोलताना हा शब्द टाळताच येत नाही. आठवण, विरह, हुरहूर हे सगळे शब्द त्याच्या जवळ जातात, पण पुरे पडत नाहीत. जे दूर आहे किंवा हातून गेले आहे त्याची ओढ, ते परत येईल ही पुसट आशा आणि त्या आठवणीतच मिळणारे थोडे सुख, हे सगळे ‘सौदाद’मध्ये आहे. तो जड साहित्यिक शब्दही नाही. मुलगी शहरात शिकायला गेली की आई फोनवर हाच शब्द वापरते आणि गावाकडच्या सूपची आठवण आली तरी हाच शब्द येतो.

या भावनेची एक राजकीय कथाही आहे. १५७८ मध्ये २४ वर्षांचा राजा सेबॅस्टियन मोरोक्कोतील लढाईत मारला गेला. त्याला मूल नव्हते. दोन वर्षांत पोर्तुगालची गादी स्पेनच्या राजाकडे गेली आणि १६४० पर्यंत तिथेच राहिली. राजा मेलाच नाही, एखाद्या धुक्याच्या सकाळी तो परत येईल आणि देशाला सोडवेल, अशी समजूत लोकांत पसरली. पुढे ‘सेबॅस्टियनवाद’ हा पोर्तुगीज राजकारणातील कायमचा शब्दच झाला. कुणीतरी येईल आणि सगळे ठीक करेल, या वृत्तीला तिथले टीकाकार आजही याच नावाने हिणवतात.

गरीब वस्तीतले गाणे राष्ट्राची ओळख कसे बनले?

लिस्बनच्या मोरारिया आणि आल्फामा या जुन्या, गरीब वस्त्यांत एकोणिसाव्या शतकात ‘फादो’ रुजला. खलाशी, हमाल, वेश्या, गुत्त्यावर बसणारे लोक यांचे हे गाणे. १८४६ मध्ये ऐन विशीत मरण पावलेली मोरारियातील मारिया सेवेरा ही फादोची पहिली प्रसिद्ध गायिका मानली जाते. एक गायक, बारा तारांची पोर्तुगीज गिटार आणि साथीला साधी गिटार, इतकाच हा संसार. दिवे मंद केले जातात आणि गाणे सुरू झाले की वाढपीसुद्धा थांबतात. विद्यापीठाच्या कोइंब्रा शहरात वेगळी पद्धत आहे. तिथे काळे झगे घातलेले विद्यार्थी गातात आणि रिवाजाप्रमाणे टाळ्या न वाजवता घसा खाकरून दाद दिली जाते.

१९२६ च्या लष्करी उठावानंतर आलेल्या राजवटीला हे गाणे आधी खटकले. फादोचे शब्द सेन्सॉरकडून तपासले जाऊ लागले, गाण्यासाठी परवाना लागू लागला. पुढे हुकूमशहा अँटोनियो सालाझारच्या काळात तेच गाणे सोयीचे ठरले. नशिबाला दोष देणारी जनता सरकारला दोष देत नाही, असा टीकाकारांचा आक्षेप होता. ‘फादो, फुटबॉल आणि फातिमा’ या तीन ‘फ’वर राजवट टिकली, असे तिथे म्हटले जाते. फातिमा म्हणजे १९१७ मध्ये तीन गुराखी मुलांना मेरीमातेचे दर्शन झाल्याची श्रद्धा असलेले तीर्थक्षेत्र. आजही मे महिन्यात हजारो लोक पायी तिकडे जातात.

त्यामुळे १९७४ च्या क्रांतीनंतर फादोकडे काही वर्षे संशयाने पाहिले गेले. थोर गायिका आमालिया रॉड्रिग्जही त्यातून सुटल्या नाहीत. पण १९९९ मध्ये त्या गेल्या तेव्हा देशाने तीन दिवसांचा दुखवटा पाळला. २०११ मध्ये युनेस्कोने फादोला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. आजच्या काळातील सर्वांत प्रसिद्ध फादो गायिकांपैकी एक असलेल्या मारिझा यांचा जन्म मोझांबिकचा. लहानपणी त्या लिस्बनला आल्या आणि वाढल्या मोरारियात.

किनाऱ्यावर न मिळणारा मासा घराघरात कसा?

पोर्तुगालच्या राष्ट्रीय पदार्थाची गोष्टही अशीच आहे. ‘बाकल्याऊ’ म्हणजे खारवून सुकवलेला कॉड. त्याच्या वर्षाच्या दिवसांइतक्या पाककृती आहेत, असे लोक अभिमानाने सांगतात. नाताळच्या आदल्या रात्री उकडलेला कॉड, बटाटे, कोबीची पाने आणि वर ऑलिव्ह तेल हे जेवण अनेक घरांत ठरलेले असते. माशाचे लाडके नाव आहे ‘विश्वासू मित्र’.

गंमत अशी, की कॉड पोर्तुगालच्या समुद्रात मिळतच नाही. तो थंड पाण्यातला मासा. पोर्तुगीज कोळी तो धरायला शेकडो वर्षे कॅनडाजवळच्या न्यूफाउंडलंडपर्यंत जात. चर्चच्या उपासाच्या दिवसांत मांस चालत नसे. सुका मासा टिकायचा, स्वस्त पडायचा आणि डोंगरातल्या गावापर्यंत पोहोचायचा. विसाव्या शतकात सालाझार राजवटीने या मासेमारीला राष्ट्रकार्याचे रूप दिले. सहा-सहा महिन्यांची सफर, मोठ्या जहाजावरून पहाटे समुद्रात सोडलेल्या छोट्या होड्या आणि प्रत्येक होडीत एकटा माणूस, अशी ही पद्धत होती. धुक्यात वाट चुकलेले अनेक जण परतले नाहीत. ठरावीक सफरी करणाऱ्याला लष्करी सेवेतून सूट मिळे, म्हणूनही तरुण या कामाला तयार होत. आता ती जहाजे संग्रहालये झाली आहेत आणि ताटातला कॉड मुख्यतः नॉर्वेहून येतो.

जून महिन्यात तिथे काय होते?

एवढे वाचून पोर्तुगीज माणूस सदा उदास असेल असे वाटू शकते. जून महिना ते चित्र पुसून टाकतो. १२ जूनच्या रात्री लिस्बनमध्ये संत अँथनीचा उत्सव असतो. आपण ज्याला पदुआचा संत म्हणून ओळखतो तो जन्माने लिस्बनचा. गल्लोगल्ली कोळशावर तार्ली भाजली जाते, पताका लागतात आणि प्रत्येक मोहल्ल्याचा संघ सजून-नाचत मुख्य रस्त्यावर संचलन करतो. जोडवणारा संत म्हणून त्याची ख्याती असल्याने शहराची महापालिका त्या दिवशी काही जोडप्यांचा सामूहिक विवाह लावते. १९५८ मध्ये सुरू झालेली ही प्रथा क्रांतीनंतर थांबली आणि १९९७ मध्ये पुन्हा सुरू झाली.

प्रेमाच्या माणसाला द्यायची भेट म्हणजे ‘मांजेरिकू’ची कुंडी. ही तुळशीच्याच कुळातली बारीक पानांची वनस्पती. कुंडीत कागदी कार्नेशनचे फूल आणि चार ओळींची चारोळी खोचलेली असते. तिचा वास थेट नाक लावून घ्यायचा नाही, तळहात पानांवरून फिरवायचा आणि हात हुंगायचा, असा संकेत आहे. उत्तरेच्या पोर्तो शहरात २३ जूनच्या रात्री संत जॉनचा उत्सव असतो. तिथे ओळखी-अनोळखी सगळे एकमेकांच्या डोक्यावर प्लास्टिकची हातोडी हलकेच मारतात आणि कुणी रागावत नाही.

रोजच्या वागण्यात पोर्तुगीज माणूस कसा आहे?

‘कसे आहात?’ या प्रश्नाला पोर्तुगालमध्ये अनेकदा ‘वाय-से आंदांदू’ असे उत्तर मिळते. मराठीत त्याला नेमका शब्द आहे : ‘चाललंय आपलं’. फार आनंदात आहे असे सांगणे थोडे उथळ वाटते.

दुसरा आवडता शब्द ‘देशेंरास्कांसू’. हाताशी असेल त्या साधनाने, ऐनवेळी अडचणीतून वाट काढण्याची कला, म्हणजे अस्सल जुगाड. याचा अभिमान आहे, तशी खंतही आहे. वेळेत नियोजन केले असते तर जुगाडाची गरजच पडली नसती, असे तेच लोक म्हणतात.

बोलण्यातला मानमरातबही लक्षात येण्यासारखा आहे. घरात, मित्रांत ‘तू’ चालते, अनोळखी माणसाशी मात्र ‘साहेब’, ‘बाईसाहेब’ लावून तृतीय पुरुषात बोलायचे. कोणत्याही शाखेचा पदवीधर ‘डॉक्टर’ आणि अभियंता ‘इंजिनीअर साहेब’ म्हणूनच हाक ऐकतो. त्यामागे इतिहास आहे. १९७० मध्येही देशातील सुमारे चौथा हिस्सा निरक्षर होता. पदवी ही फार थोड्यांच्या नशिबी येणारी गोष्ट होती आणि तिचा दबदबा भाषेत मुरला.

‘मवाळ रीतीभाती’चा दावा किती खरा?

आपण ‘मवाळ रीतीभाती’चे लोक आहोत, असे पोर्तुगीज स्वतःबद्दल सांगतात. बैलाच्या झुंजीचे उदाहरण त्यासाठी दिले जाते. स्पेनमध्ये बैल मैदानातच मारतात, पोर्तुगालमध्ये मारत नाहीत. हे खरे आहे. पण झुंजीनंतर बैल बहुतेक वेळा पडद्याआड मारलाच जातो.

वसाहतींबाबतही हेच घडले. आमचे राज्य इतरांपेक्षा प्रेमळ होते, आम्ही स्थानिकांत मिसळलो, असे सालाझार राजवट जगाला सांगत होती. प्रत्यक्षात अटलांटिकपलीकडे गुलाम वाहून नेण्यात पोर्तुगाल आणि ब्राझीलच्या जहाजांचा वाटा सर्वांत मोठा होता. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला छोटा खंड वगळता, इन्क्विझिशन चालले. १९६१ ते १९७४ या काळात अंगोला, गिनी आणि मोझांबिकमध्ये युद्ध झाले. त्यात आठ हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक आणि त्याहून कितीतरी जास्त आफ्रिकी लोक मेले. देशात गुप्त पोलिसांचे जाळे होते.

डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय फौजा गोव्यात शिरल्या तेव्हा सालाझारने शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा आदेश दिला होता. गव्हर्नर जनरल वासालू ई सिल्व्हा यांनी तो न मानता शरणागती पत्करली आणि रक्तपात टळला. मायदेशी त्यांना याची शिक्षा म्हणून लष्करातून काढण्यात आले. १९७४ च्या क्रांतीनंतरच त्यांना मान परत मिळाला. शाळेत काय शिकवायचे, स्मारके कुणाची उभारायची, यावर पोर्तुगालमध्ये आजही वाद आहेत. राष्ट्राध्यक्षपदी असताना २०२४ मध्ये मार्सेलो रेबेलो डी सौझा यांनी गुलामगिरी आणि वसाहतकाळाची जबाबदारी देशाने घ्यावी असे म्हटले, तेव्हा उजव्या पक्षांनी त्यांच्यावर झोड उठवली.

बंदुकीच्या नळीत फूल कसे आले?

२५ एप्रिल १९७४ रोजी युद्धाला कंटाळलेल्या तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी ४८ वर्षांची हुकूमशाही काही तासांत उलथवली. मध्यरात्रीनंतर रेडिओवर वाजलेले, बंदी असलेल्या गायकाचे एक गाणे हा फौजा हलवण्याचा संकेत होता. लोकांना घरात थांबा असे सांगितले होते, पण ते रस्त्यावर आले. सेलेस्ते कायेरू ही उपाहारगृहात काम करणारी महिला त्या दिवशी कार्नेशनची फुले घेऊन घरी निघाली होती. एका सैनिकाने तिच्याकडे सिगारेट मागितली. ती नव्हती, म्हणून तिने फूल दिले. त्याने ते बंदुकीच्या नळीत खोचले. क्रांतीला नाव मिळाले ‘कार्नेशन क्रांती’. रक्त अजिबात सांडले नाही असे नाही. गुप्त पोलिसांच्या गोळीबारात चौघे मारले गेले.

बरोबर एका वर्षाने झालेल्या पहिल्या मुक्त निवडणुकीत ९० टक्क्यांहून अधिक मतदान झाले. त्याच सुमारास आफ्रिकेतील वसाहती सुटल्या आणि पाच लाखांहून अधिक लोक पोर्तुगालला परतले. एक कोटीच्या आतल्या देशाने त्यांना सामावून घेतले. टोमणे झाले, टंचाई झाली, पण मोठी दंगल झाली नाही. ‘मवाळ’पणाच्या दाव्याला बळ देणारी ही खरी घटना आहे.

गोवा-महाराष्ट्रात काय उरले?

पाव, बटाटा, काजू, चावी, साबण, पगार, लिलाव हे शब्द आपण पोर्तुगीज म्हणून वापरत नाही इतके ते मराठी झाले आहेत. रायगड जिल्ह्यातील कोर्लई गावात तर सुमारे हजारभर लोक आजही पोर्तुगीजमधून जन्मलेली स्वतंत्र बोली घरात बोलतात. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वारसांना पोर्तुगीज नागरिकत्वाची वाट खुली राहिली. त्या पासपोर्टवर, ब्रेक्झिटपूर्वी, अनेक गोवेकर लिस्बनला न थांबता थेट ब्रिटनला गेले. उलट दिशेचे उदाहरण अँटोनियो कोस्टा यांचे. गोमंतकीय मुळांचे लेखक ओर्लांदो दा कोस्टा यांचा हा मुलगा २०१५ ते २०२४ पोर्तुगालचा पंतप्रधान होता आणि डिसेंबर २०२४ पासून युरोपीय परिषदेचा अध्यक्ष आहे.

आता चित्र उलटे का झाले?

२०११ मध्ये कर्जबाजारी पोर्तुगालला ७८ अब्ज युरोंचे साह्य घ्यावे लागले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत वर्षाला लाखाहून अधिक लोक बाहेर पडले. या वेळी जाणारे शेतमजूर नव्हते. परिचारिका, अभियंते, संशोधक होते. देश सावरला तो मुख्यतः पर्यटनावर. २०२४ मध्ये हॉटेल-निवासांत तीन कोटींहून अधिक पाहुणे उतरले, म्हणजे लोकसंख्येच्या जवळपास तिप्पट. घरे पर्यटकांना आणि परदेशी गुंतवणूकदारांना गेली. २०२५ मध्ये किमान वेतन महिना ८७० युरो होते आणि लिस्बनमधील एका बेडरूमच्या घराचे भाडे अनेकदा त्याहून जास्त. जूनच्या संचलनात आल्फामाचे नाव मिरवणारे कित्येक जण आता आल्फामात राहत नाहीत. ते उपनगरांतून येतात. तरुणांनी थांबावे म्हणून सरकारने ३५ वर्षांपर्यंतच्या नोकरदारांना प्राप्तिकरात सवलत दिली आहे.

दुसरीकडे, २०१७ मध्ये देशात सुमारे चार लाख परदेशी नागरिक होते. २०२४ च्या अखेरीस ही संख्या १५ लाखांच्या आसपास गेली. ब्राझीलचे लोक सर्वाधिक असले तरी भारतीय, नेपाळी आणि बांगलादेशीही लक्षणीय आहेत. अलेंतेजो किनाऱ्यावरील ओदेमिराच्या हरितगृहांत रासबेरी खुडणारे हात बहुतांशी दक्षिण आशियाई आहेत. एकेका खोलीत दाटीवाटीने राहण्याची त्यांची अवस्था २०२१ मध्ये करोनाच्या निर्बंधांमुळे देशासमोर आली. २०१९ मध्ये स्थापन झालेला स्थलांतरविरोधी ‘शेगा’ पक्ष मे २०२५ च्या निवडणुकीत ६० जागांसह संसदेतील दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष बनला. पर्यटक म्हणून येऊन नोकरी मिळाल्यावर परवाना घेण्याची सोय जून २०२४ मध्येच बंद झाली.

डिसेंबर २०२४ मध्ये लिस्बनच्या एका गल्लीत पोलिसांनी कारवाईदरम्यान अनेक स्थलांतरितांना भिंतीकडे तोंड करून रांगेत उभे केले. ती छायाचित्रे पसरली आणि पुढच्याच महिन्यात हजारो लोक विरोधात रस्त्यावर उतरले. ही गल्ली मोरारियाला लागून आहे, जिथे फादो वाढला. मोरारिया हे नावही बाहेरच्यांचेच. ११४७ मध्ये ख्रिस्ती राजाने लिस्बन जिंकल्यावर मुस्लीम मूर लोकांना राहायला दिलेली ती वस्ती.

त्या मोर्चातील अनेकांचा मुद्दा साधा होता. १९६० च्या दशकात पॅरिसजवळच्या शाँपिन्यी इथे चिखलातल्या झोपडपट्टीत दहा हजारांहून अधिक पोर्तुगीज कागदपत्रांविना राहत होते. आजही सुमारे २० लाख पोर्तुगीज देशाबाहेर आहेत आणि दर ऑगस्टला फ्रान्सच्या नंबरप्लेटच्या गाड्या गावागावांत दिसतात. आपल्या माणसांनी परदेशात ज्या वागणुकीची अपेक्षा केली, तीच आपल्या दारात आलेल्यांना द्यायची का, यावर पोर्तुगाल सध्या दुभंगला आहे. त्याचे उत्तर ओदेमिराच्या शेतात आणि लिस्बनच्या परवाना कार्यालयाबाहेर रांगेत थांबलेल्या हजारो भारतीयांच्या भवितव्याशीही जोडलेले आहे.